छाती वाजवून पाहताना

पपईच्या पानाचं पोकळ देठ तोंडात धरून जिना चढायचा, हा श्वासाच्या आजारांवरचा आमचा पहिला धडा होता. एकोणीसशे साठ साल जवळ आलं होतं. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात मी नर्सिंग शिकत होते. आमच्या सिस्टर ट्यूटर उंच, काटक आणि अतिशय कडक. त्या दिवशी त्या वर्गात आल्या त्या पपईच्या देठांची जुडी घेऊन. प्रत्येकीच्या हातात एकेक देठ दिलं आणि म्हणाल्या, "नाक चिमटीत धरा. श्वास या नळीतूनच घ्यायचा, नळीतूनच सोडायचा. चला, जिना चढून वर!"

आम्ही हसत-खिदळत निघालो. पहिल्या वळणापर्यंत गंमत होती. पुढे हसू बंद झालं. हवा आत घेणं एक वेळ जमत होतं, बाहेर सोडताना मात्र पंचाईत व्हायची. आधीचीच हवा छातीत अडकून बसलेली, नवी कुठे घेणार? माझ्या कानशिलात ठोके पडायला लागले, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. वरच्या मजल्याला पोचायच्या आत सगळ्याजणींनी देठं फेकून दिली आणि कठड्याला धरून तोंडं वासून उभ्या राहिलो.

सिस्टर मागून शांतपणे वर आल्या. "काय झालं?"

"जीव जातो की काय असं वाटलं, सिस्टर," मी म्हटलं.

"तुम्ही देठ फेकलंत आणि सुटलात. दमेकऱ्याला ते फेकता येत नाही. त्याला 'घाबरू नका' म्हणायला जाल तेव्हा आधी हे आठवा. मग त्याला उठवून बसवा, पुढे उशी द्या, खिडकी उघडा. बोलणं नंतर."

मी मुळशीतल्या नांद्याची. शेतकऱ्याच्या घरातली, सातवी झाल्यावर हट्टानं पुढे शिकलेली. शरीराच्या आत काय चालतं हे जाणून घेण्याची मला भूकच लागलेली असायची, आणि त्या दिवसापासून मी श्वासाच्या मागे लागले. सकाळी उठल्यापासून माणसांचे श्वास बघत बसायचा नादच लागला. एसटीत समोर बसलेली बाई किती वरवर श्वास घेते, पायऱ्या चढून आलेला पोस्टमन खांदे कसे उचलतो, झोपलेल्या मैत्रिणीचं पोट कसं वर-खाली होतं, सगळं बघायची. एवढी मोठी गोष्ट आपल्या आत रात्रंदिवस चालू आहे आणि आपण तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटायचं.

दुसऱ्या आठवड्यात सिस्टरांनी खाटकाकडून बकऱ्याची फुप्फुसं मागवली. ताटात ठेवलेला तो लालसर, चोळामोळा झालेला गोळा बघून काहीजणींनी नाकाला पदर लावला. सिस्टरांनी श्वासनळीत रबरी नळी खुपसली, दोरीनं आवळली आणि फुंकर मारली. तो गोळा हलला. आधी कडा उलगडल्या, मग एकेक पाकळी फुगत गेली आणि बघता बघता ताटभर गुलाबी, मऊ, चमकदार असं काही तरी पसरलं. मी जागेवरून उठून टेबलापाशी कधी गेले ते माझं मलाच कळलं नाही.

"हात लाव," सिस्टर म्हणाल्या.

मी बोटानं दाबलं. आत बारीक बारीक काही तरी चुरचुरलं, जसं साबणाच्या सुकत आलेल्या फेसाला कान लावावा. सिस्टरांनी एक तुकडा कापून पाण्यात टाकला. तो तरंगला. "निरोगी फुप्फुसात सगळीकडे हवा," त्या म्हणाल्या. "न्यूमोनिया झालेला भाग असाच कापून टाकला असता तर बुडाला असता. हवेच्या जागी पू आणि पाणी भरतं. आता सांगा, अशा माणसाला धाप का लागते?" उत्तर आमच्या डोळ्यांसमोर होतं. पाठांतराची गरजच उरली नव्हती.

वसतिगृहात माझ्या शेजारच्या खाटेवर पौडची एक मुलगी होती. तिच्या वडिलांचं पौडच्या बाजारात किराणा मालाचं दुकान. मुसलमान कुटुंब, पिढ्यान् पिढ्या तिथलंच. बोलणं आमच्यासारखंच मावळी. दोघी मुळशीच्या म्हणून लगेच गट्टी जमली. सिस्टरांनी छाती वाजवून कशी बघतात ते दाखवलं, तेव्हा ती माझ्या कानात कुजबुजली, "अगं, आमचे अब्बा रॉकेलचे डबे असेच वाजवत्यात की!"

डाव्या हाताचं मधलं बोट बरगडीवर सपाट टेकवायचं आणि उजव्या हाताच्या बोटानं त्यावर टकटक करायचं. आत हवा असेल तर आवाज घुमतो. पाणी असेल तर दगडावर मारल्यासारखा बद्द येतो. सिस्टर म्हणाल्या, "हे डॉक्टरांचं काम आहे. पण डॉक्टर काय ऐकतात ते तुम्हाला कळलं पाहिजे."

एवढं बोलणं पुरे झालं. पुढचे कित्येक दिवस वसतिगृहात टकटक थांबली नाही. आम्ही ट्रंका वाजवल्या, भिंती वाजवल्या, पिण्याच्या पाण्याचा हंडा वाजवून पाणी कुठवर आहे ते ओळखायच्या पैजा लावल्या. एकमेकींच्या बरगड्या वाजवून काळीज कुठून सुरू होतं, यकृत कुठं आहे ते शोधलं. स्वयंपाकीणबाई ओरडल्या, "माझ्या पाठीला हात लावाल तर जेवायला मिळणार नाही!" तरी एकदा पीठ मळताना त्यांचीही पाठ आम्ही वाजवलीच.

तिसऱ्या वर्षी आम्हाला महिनाभर खेड्यातल्या दवाखान्यात काम करायला पाठवायचे. आम्ही दोघी तिकडच्याच म्हणून आम्हाला पौड मिळालं. मी मैत्रिणीच्या घरी राहिले. दवाखाना म्हणजे कौलारू इमारत, दोन खोल्या आणि लांब पडवी. डॉक्टर पन्नाशीचे, टक्कल पडलेले, आवाज खणखणीत. त्यांना शिकवायची भारी हौस, पण शिकायला तिथे कुणी नसायचं. आम्ही गेलो आणि त्यांना जणू सण उगवला. रोगी आला की ते खुर्चीत मागे रेलायचे आणि म्हणायचे, "मला काही सांगू नका. पोरींनो, तुम्ही बघा आणि बोला."

एका बाजारच्या दिवशी कोळशाचा ट्रक दवाखान्यासमोर थांबला. मागच्या बाजूनं एका गड्यानं आपल्या बायकोला हातांवर घेऊन उतरवलं. पाठोपाठ त्याची आई उतरली. माणसं ताम्हिणीकडची होती. सुनेला झोळीत घालून मुळशी धरणाच्या काठापर्यंत आणलं आणि तिथं कोळशाचा ट्रक भेटला, असं गडी म्हणाला. सून विशीतली असेल. अंगात ताप, डोळे खोल गेलेले, आणि अंगभर कोळशाची काळी भुकटी.

"दमा हाय तिला," सासू म्हणाली. "मला हाय तसाच. धोत्र्याच्या पानांचा धूर दिला, न्हाई उतरला."

"कधीपासून?" मैत्रिणीनं विचारलं.

"पाऊस सरल्यापासनं. सांजचा ताप भरतुया. आन आता चार पावलं टाकली तरी धापा टाकती."

डॉक्टरांनी आमच्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी सुनेजवळ गेले. सिस्टरांचं एक वाक्य डोक्यात पक्कं बसलेलं होतं: हात मागे, डोळे पुढे. म्हणून आधी नुसतं बघितलं. बाकावर टेकवल्या टेकवल्या ती उजव्या कुशीवर वळली आणि तशीच पडून राहिली. मी म्हटलं, "वहिनी, जरा या अंगावर वळता का?" ती डावीकडे वळली आणि लगेच डोळे विस्फारून उठून बसली.

"असं... झोपलं की... जीव..." एवढंच बोलली. दोन शब्दांमागे एक श्वास.

"कान लावून ऐक," मी मैत्रिणीला हळूच म्हटलं. "शिटी वाजतेय का?"

तिनं डॉक्टरांची नळी लावून ऐकलं आणि मान हलवली. शिटी नव्हती. दमा असता तर श्वास सोडताना छाती पेटीसारखी वाजली असती. मी सुनेच्या पाठीमागे गेले आणि दोन्ही तळवे तिच्या फासळ्यांवर ठेवले. "श्वास घ्या." डावा हात वर उचलला गेला. उजवा जागचा हललाच नाही.

माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगते, भीतीचा नव्हे, आनंदाचा. समोर माणूस आजारी असताना आनंद कसला, असं कुणी म्हणेल. पण इतकी वर्षं जे नुसतं ऐकलं, वाचलं, ट्रंकांवर वाजवून बघितलं, ते माझ्या हाताखाली होतं. मी बोट टेकवलं आणि टकटक केली. डावीकडे घुमारा. उजवीकडे वरून खाली येत गेले, आणि पाठीच्या मध्यावर आवाज एकदम बसला. बद्द. दगड.

"भरलेला डबा!" मैत्रीण माझ्याआधी ओरडली.

डॉक्टर खुर्चीतून ताडकन उठले. "काय म्हणालीस?"

"पाणी आहे, डॉक्टर," मी म्हटलं. "फुप्फुसाच्या बाहेर, उजव्या बाजूला. म्हणूनच ती उजव्या कुशीवर झोपते. डावं फुप्फुस मोकळं राहतं तिचं."

डॉक्टरांनी स्वतः तपासलं. गळ्याच्या खळगीत बोट ठेवून ते मला म्हणाले, "इथं बघ. श्वासनळी डावीकडे सरकलीय. पाण्यानं ढकललीय तिला." मग त्यांनी हात झटकले आणि हसून म्हणाले, "बरोबर! अगदी बरोबर! चला, सुया उकळा."

सासू घाबरली. "सुई? छातीत?"

डॉक्टर तिच्यासमोर उकिडवे बसले. "आजी, पखालीत पाणी भरलं की पखाल फुगते ना? तसं हिच्या छातीत पाणी साचलंय. त्या पाण्यानं फुप्फुस दाबलंय. पाणी काढलं की ते उघडेल."

"पाणी... कुटनं आलं त्ये?" नवऱ्यानं विचारलं.

डॉक्टर त्याच्याकडे वळले. "क्षयानं येतं असं पाणी. पण घाबरू नका. आता औषध आहे. बरी होते."

क्षय हा शब्द ऐकताच नवरा भिंतीला टेकला. त्या काळात हा शब्द म्हणजे गावाबाहेरची झोपडी. बाकावर बसलेली दोन-तीन माणसंही उठून पडवीच्या टोकाला गेली. सासू मात्र सुनेच्या आणखी जवळ सरकली. "बरी हुती म्हंत्यात न्हवं? मग काढा पाणी. म्या काय सून टाकत न्हाई."

सुनेला बसवायचं कसं, हा प्रश्न आला. पुण्यात रोग्याला खुर्चीवर उलटं बसवून पाठीच्या दांडीवर हात टेकवायला लावायचे. सून जन्मात खुर्चीवर बसली नव्हती, आणि खुर्चीच्या दोन्ही अंगांना पाय टाकून बसायचं म्हटल्यावर तिनं लाजेनं पदर तोंडावर घेतला. शेवटी आम्ही जमिनीवर गोधडी अंथरली, पुढ्यात गाद्यांची वळकटी ठेवली आणि तिला त्यावर हात टेकवून पुढे झुकवलं. मी वळकटीच्या पलीकडे तिच्यासमोर बसले. एक हात तिच्या नाडीवर आणि दुसऱ्यानं तिची बोटं घट्ट धरलेली.

"खोकला आला तर आधी मला सांगायचं, बरं का. अचानक खोकायचं नाही. माझ्याकडं बघत राहा."

डॉक्टरांनी बधिर करण्याची सुई टोचली. मग लांब, जाड सुई. सुनेची बोटं माझ्या बोटांत रुतली. मी तिच्या डोळ्यांत बघत होते, पण कान मागे लागलेले. आणि मग रबरी नळीतून एनॅमलच्या भांड्यात पहिली धार पडल्याचा आवाज आला. मैत्रीण नळीचा चिमटा धरून होती. तिनं मला ओठांच्या हालचालीनं सांगितलं, "पिवळं." भाताच्या पेंढ्यासारखं स्वच्छ पिवळं पाणी होतं ते.

धार चालू होती. भांड्यातला आवाज खोल होत होत भरीव झाला. मी नाडी बघत होते, ओठ बघत होते. ओठांवरची निळसर झाक हळूहळू उतरत गेली. खांदे आधी कानांपर्यंत वर उचलले जात होते, ते खाली आले. नाकपुड्या फुलायच्या थांबल्या. कुणी तरी आत बसून एकेक गाठ सोडवावी, तसं ते चाललं होतं.

"छाती... ताणल्यावाणी वाटती," ती म्हणाली आणि बारीक खोकली.

"पुरे," डॉक्टर म्हणाले. "फुप्फुस उघडायला लागलंय. सगळं एकदम काढलं तर ते रुसतं. उरलेलं परवा." सुई निघाली, पट्टी बसली.

मैत्रिणीनं भांडं पुढे आणून दाखवलं. सुनेनं आत डोकावून बघितलं, मग आपल्या छातीकडे बघितलं. आणि एका दमात, मध्ये कुठेही न थांबता बोलली, "आगं आई, येवढं पाणी माज्यात हुतं आन तुमी मला धोत्र्याच्या धुरात कोंडून बसवलं व्हय!"

पडवीत एकच हशा पिकला. सासूनं तोंडावर पदर घेतला आणि हसता हसता रडली. मी आणि मैत्रीण एकमेकींकडे बघत राहिलो. आमच्यासाठी ते नुसतं बोलणं नव्हतं. सकाळी दोन शब्दांना एक श्वास लागत होता, आता अख्खी तक्रार एका श्वासात! डॉक्टरही मोठ्यानं म्हणाले, "ऐकलंत? हा निकाल!"

पुढे छातीचा फोटो काढायला तिला पुण्याला नेलं. थुंकीत जंतू सापडले नाहीत, म्हणजे तिच्यापासून दुसऱ्याला लागण व्हायची भीती नव्हती, पण औषध घ्यावंच लागणार होतं. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं रोज घ्यायची ठरली, तर प्रश्न आला की ताम्हिणीहून रोज येणार कशी? मैत्रिणीच्या वडिलांनी दुकानामागची गुळाच्या ढेपा ठेवायची खोली रिकामी करून दिली. "खिडकी मोठी हाय, वारं खेळतंय," एवढंच ते म्हणाले. सासूनं अंगणात तीन दगडांची चूल मांडली. रोज सकाळी मी सुया उकळायची, मैत्रीण इंजेक्शन द्यायची. दुसऱ्या दिवशी उलट. सुनेचा ताप उतरला. भाकरी एकीच्या दोन झाल्या. तिला फुगे फुंकायला लावून आम्ही तिचं फुप्फुस फुलवत होतो, तर बाजारातली पोरं दाराशी गोळा व्हायची आणि तिलाच फुगे मागायची. रोज छाती वाजवून बघायची मला घाई असायची. बद्द आवाजाची रेघ एकेका फासळीनं खाली सरकत होती. महिना संपून आम्ही परत निघालो, तेव्हा इंजेक्शनचं काम दवाखान्यातल्या कंपाउंडरनं घेतलं.

परीक्षा झाली, आम्ही पास झालो. उन्हाळ्यात त्या सुनेचा निरोप आला, कोळशाच्या ट्रकवाल्याच्या तोंडून: दोघींनी ताम्हिणीला यायचं, जेवायला. क्षयाच्या गोळ्या अजून चालू होत्या, पण डॉक्टरांनी तिला घरी सोडलं होतं. आम्ही त्याच ट्रकमधून गेलो आणि शेवटचा चढ पायी चढलो. सून सामोरी आली ती डोक्यावर पाण्याची घागर घेऊन. गाल भरले होते. मी तिथेच, वाटेवरच, तिची पाठ वाजवून बघितली. तिनंही घागर न उतरवता वाजवून दिली. वरपासून खालपर्यंत घुमारा!

घरी पोचलो तर पडवीत वस्तीतली सगळी बाया-माणसं बसलेली. सासूनं पुढं होऊन आपला पदर सावरला आणि माझ्याकडे पाठ केली. "आता मला बी वाजवून बघ."

मी वाजवली. तिची छाती जरा जास्तच घुमत होती, पोकळ भोपळ्यासारखी. कान लावला तर आत पावे वाजत होते. "आजी, तुमचा मात्र खराच दमा आहे," मी म्हटलं. "आणि हा धूर त्याला खायला घालतोय." घरात चूल कोपऱ्यात होती, आणि धूर जायला दाराशिवाय वाट नव्हती.

"मग?"

मैत्रीण तोपर्यंत सुनेच्या नवऱ्याला घेऊन बाहेर गेलीही होती. तो शिडी लावून छपरावर चढला आणि चुलीच्या वरची कौलं उचकटायला लागला. "आरं, पावसाळ्यात गळंल की!" खालून कुणी तरी ओरडलं. ताम्हिणीचा पाऊस म्हणजे थट्टा नव्हे. बराच खल झाला. शेवटी वर पत्र्याची टोपी बसवायची आणि भिंतीत छपरालगत झरोका ठेवायचा, असं ठरलं. पत्रा म्हणून रॉकेलचा रिकामा डबा कापला. तासाभरात स्वयंपाकघरात उजेडाचा पट्टा पडला आणि धूर सरळ त्या वाटेनं वर निघाला. सासू चुलीपुढे बसून मान वर करून बघत राहिली.

तोवर पडवीत रांग लागली होती. म्हातारे, पोरीबाळी, एक नवी नवरी, सगळ्यांना पाठ वाजवून हवी होती. मैत्रिणीनं एक टोक धरलं, मी दुसरं. कुणाच्या पाठीत घुमारा निघाला की रांगेतली माणसं माना डोलवायची. एका कोळसेवाल्याच्या छातीत मला शंका आली, त्याला पौडच्या डॉक्टरांकडे जायला सांगितलं, आणि तो गेलाही. जेवायला बसलो तेव्हा उन्हं कलली होती. नाचणीची भाकरी, कोंबडीचा रस्सा, आणि वाढायला तीच सून, मागं-पुढं पळत, आमच्या नको-नको म्हणण्याकडे लक्ष न देता ताटात रस्सा ओतत.